कॅन्सरचा पेशंट घरी आल्यावर मनगटी पट्टा: अण्णांची पावलं कमी का होतायत?

चरईकर | १६ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

आमचे अण्णा, वय ७१. एसटीत ड्रायव्हर होते, निम्मी नोकरी ठाणे-बोरिवली गाडीवर गेली. ऑक्टोबरात मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, रिपोर्टात तिसरी स्टेज आली. नवव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर औषधं, टाके काढायची तारीख आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'हलका व्यायाम, चालणे'. हलका म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही आणि त्या गडबडीत आम्हीही विचारलं नाही.

नोव्हेंबरपासून केमो सुरू आहे. एक दिवस सलाईनमधून ऑक्झालिप्लॅटिन, त्याच दिवसापासून १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. असं दर तीन आठवड्यांनी. तीन सायकली झाल्या, चौथी २० तारखेला आहे.

माझा मोठा भाऊ टोरांटोला असतो. परत जाताना त्याने अण्णांच्या मनगटावर पावलं आणि ठोके मोजणारा पट्टा बांधला आणि ॲप त्याच्या-माझ्या मोबाईलवर टाकलं. केमोच्या आधी अण्णा सकाळी तलावपाळीला एक फेरी मारायचे, संध्याकाळी घरीच हरिपाठ. पट्टा दिवसाला ४,२०० च्या आसपास दाखवायचा. पहिल्या सायकलीत आकडा दीड हजारावर आला आणि सुट्टीच्या आठवड्यात पुन्हा ३,९०० ला गेला. दुसरीत १,२००, मग ३,५००. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. पण या वेळी सुट्टीचा आठवडा अर्धा उलटला तरी गाडी ९००-१,००० च्या पुढे सरकत नाहीये.

अण्णांना विचारलं तर म्हणतात, 'थंडी आहे, कंटाळा येतो.' ठाण्यात कसली आलीय थंडी! मागच्या वेळी ओपीडीत मोबाईल पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, 'हे नको, पेशंट कसा आहे ते सांगा.' राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? बाहेर साठ लोक बसले होते.

या आकड्यांना काही अर्थ आहे का, की आम्हीच मोबाईलमध्ये डोकं घालून वेडे होतोय? २० तारखेपर्यंत थांबू का?

शंकासूर | १७ जानेवारी, सकाळी ७:०५

मोबाईल बाजूला ठेवा आणि वडिलांशी बोला.

निवांत_वसंतविहार | १७ जानेवारी, सकाळी ७:५२

+१. आणि ते १० हजार पावलांचं खूळ तर आधी डोक्यातून काढा. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल आणि लक्षात राहणारा. एवढाच त्याचा जन्म. केमो चालू असलेल्या माणसाला तो लावणं म्हणजे अत्याचार आहे.

चरईकर | १७ जानेवारी, सकाळी ८:३०

१० हजारांचा आग्रह नाहीच हो. त्यांच्याच आधीच्या सुट्टीच्या आठवड्यांशी तुलना करतोय. बोललोही. अण्णा ड्रायव्हर माणूस, इंजिन बंद पडेपर्यंत 'गाडीत काही नाही' म्हणणार.

बाइट_महापे | १७ जानेवारी, सकाळी ९:४८

मी असल्याच सेन्सरवर काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूचं सांगतो. तब्येतीचं जाणकारांनी सांगावं.

पट्टा पावलं मोजत नाही. तो हाताचे हेलकावे मोजतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. त्यामुळे हात हलला नाही तर पाऊल नाही. वॉकर धरून, ट्रॉली ढकलत किंवा भिंतीला हात लावत चाललं की आकडा पडतो. आपल्याकडची म्हातारी माणसं दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतात, तेव्हाही तेच. अख्खी तलावपाळी फिरून या, पट्टा म्हणेल माणूस बाकावर बसला होता. शिवाय बरेच पट्टे सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत. पलंगावरून उठून मोरीपर्यंत सात-आठ पावलं, परत सात-आठ, अशी घरातली ये-जा बरीचशी हिशेबात येत नाही. सावकाश, पाय ओढत चालणाऱ्याची तर हमखास गळती. अशांच्या पट्ट्याची जागा बदलून तो घोट्याला बांधला तर आकडा बराच सुधारतो.

उलटंही होतं. हात हलला आणि पाय हलला नाही, तरी पावलं चढतात. पोळ्या लाटताना, तबला वाजवताना.

ठोक्यांसाठी पट्ट्याखालचा हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्यासोबत त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, परत येणाऱ्या उजेडातला तो फरक मोजायचा. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा बोंबलतो. ऑपरेशननंतर वजन उतरतं, मनगट बारीक होतं आणि ऑक्टोबरात घट्ट बसलेला पट्टा जानेवारीत बांगडीसारखा फिरतो. आधी ते बघा.

आणि दिवसाची बेरीज बघू नका, तासातासाचा आलेख उघडा. कुठल्या वेळची पावलं गेली, ते कळेल.

नेरुळची_मावशी | १७ जानेवारी, सकाळी ११:१५

मी पेशंटच्या बाजूने लिहिते.

चार वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो. लेकीने घड्याळ आणलं. पहिली सूचना: काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला आवळून काही बांधायचं नाही. हात सुजण्याची भीती असते. हाताला पीआयसीसी लाईन (औषध द्यायला दंडातून शिरेत घातलेली बारीक नळी) असेल तर तोही हात सोडायचा.

घड्याळाचा एकदा खरंच उपयोग झाला. बसल्याजागी ठोके ७२-७४ असायचे ते आठवडाभर ९० च्या वर. मला वाटलं काळजीने होत असेल. लेकीने डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं.

पण चरईकर, दुसरंही ऐका. रोज सकाळी मी डोळे उघडायच्या आत नवरा मोबाईल बघायचा आणि म्हणायचा, 'आज तुझी झोप ५८ आली.' अहो, मला विचारा ना कशी झोपले ते! रात्री तीनला जाग आली तर वाटायचं, हेही दिसणार सकाळी सगळ्यांना. स्वयंपाकघरात दोनदा जास्त गेले की फोन, 'आई, आज बरं वाटतंय वाटतं!' आपल्याच घरात सीसीटीव्हीखाली राहिल्यासारखं. तिसऱ्या महिन्यात काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. आता इथल्या ज्वेल उद्यानात फिरायला जाते, पण हातात काचेच्या बांगड्या असतात.

अण्णांना विचारलंत का, की त्यांचे आकडे टोरांटोपर्यंत गेलेले चालतील का?

शंकासूर | १७ जानेवारी, सकाळी ११:३२

मावशी, नमस्कार स्वीकारा. शिवाय ते आकडे नुसते टोरांटोला नाही जात, कंपनीच्या सर्व्हरवरही जातात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो संमती घ्या, आणि आपण 'मान्य आहे' वर न वाचता टिचकी मारतो. पेशंटच्या वतीने मुलगा मारतो, हे आणखी वर.

सातासमुद्रापार | १७ जानेवारी, दुपारी १:१०

थोडं आमच्याही बाजूने. वडील कोपरीत एकटे, मी न्यू जर्सीत. मी झोपायला जातो तेव्हा त्यांची सकाळ होत असते. सकाळची पहिली शंभर पावलं दिसली की मी दिवा मालवतो. त्यांना फोन करून 'आज चालला नाहीत?' असं एकदा विचारलं, तर चार दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून बघतो आणि गप्प बसतो.

हिरवे_पान | १७ जानेवारी, दुपारी १:२५

गव्हांकुराचा रस सुरू करा, पंधरा दिवसांत पावलं दुप्पट होतील. तलावपाळीला सकाळी मिळतो. केमोमुळेच सगळा...

*(पुढचा मजकूर काढला आहे. उपचार थांबवायचे सल्ले या विभागात चालणार नाहीत. – संपादक)*

डॉ_ऐरोली | १७ जानेवारी, दुपारी ३:४०

मी फॅमिली फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. आधी वरच्या रसाबद्दल: केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना रस्त्यावरचा कच्चा रस ही पोटाच्या संसर्गाला आमंत्रणपत्रिका आहे. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता चरईकरांच्या प्रश्नाकडे. कॅन्सरवाले डॉक्टर पेशंटला एक श्रेणी देतात, ईकॉग नावाची, ० ते ५. २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो, काम झेपत नाही, पण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-हिंडून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. केमो झेपेल का, हे ठरवताना ही श्रेणी मोठी असते. आणि ती ठरते कशी? पाच मिनिटांच्या ओपीडीत, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून, 'मी बरा आहे' म्हणणाऱ्या पेशंटकडे बघून. पट्ट्यांवर संशोधन सुरू झालं ते इथूनच. दवाखान्याबाहेरचे वीस-बावीस दिवस माणूस काय करतो, ते कुणालाच दिसत नव्हतं.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधला २०१८ चा अभ्यास आहे. वाढलेल्या कॅन्सरचे ३७ पेशंट. रोजची सरासरी पावलं ज्यांची जास्त, त्यांना त्रास, ॲडमिशन आणि मृत्यू कमी. ३७ म्हणजे मूठभर, आणि त्यावरून 'चाललो म्हणून वाचलो' असं म्हणता येत नाही. जो आधीच खचलाय तो कमी चालणार हे उघड आहे. पण आकडा खचण्याची खूण म्हणून उपयोगी पडू शकतो, एवढं त्यातून दिसतं.

शंकासूरांना आवडेल असा दुसरा अभ्यास, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा, ७६६ पेशंटांवर. तिथे पट्टा-बिट्टा काही नाही. पेशंटांनी मळमळ, जुलाब, दम, दुखणं असले त्रास स्वतः कॉम्प्युटरवर नोंदवायचे, त्रास वाढला की नर्सला निरोप जायचा. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं २६. पाच महिन्यांचा फरक. तो पडला असावा नोंद दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाचत होतं म्हणून. तुमच्या पट्ट्याच्या टोकाला सध्या फक्त तुम्ही आणि टोरांटो आहात.

एक गोष्ट मात्र पट्ट्यावर अजिबात सोपवू नका: ताप. मनगटाच्या कातडीचं तापमान म्हणजे अंगातला ताप नव्हे. साधं थर्मामीटर तोंडात धरा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेलं, की वेळ कुठलीही असो, हॉस्पिटलला फोन. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात आणि तेव्हाचा ताप तासांच्या हिशेबात बिघडू शकतो. आधी पॅरासिटामॉल देऊन 'सकाळी बघू' करू नका, गोळीने ताप झाकला जातो. २४ तासांचा नंबर फ्रिजवर चिकटवा आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकचा वेळ धरून निघा.

बाइट_महापे | १७ जानेवारी, संध्याकाळी ६:०२

चरईकर, तासाचा आलेख बघितलात का?

चरईकर | १७ जानेवारी, रात्री ८:२०

आत्ता बसून बघितला. पट्टा सैल होता, एक भोक आत घेतलं.

गंमत सांगतो. डिसेंबरात रोज संध्याकाळी ७ ते ८ मध्ये एक उंचवटा आहे, ६००-७०० पावलांचा. त्या वेळी अण्णा पाटावर बसलेले असतात! आई म्हणाली, 'अरे, हरिपाठाचे टाळ!' म्हणजे पांडुरंगाच्या कृपेने आम्ही बसल्याजागी सहाशे पावलं चालत होतो.

तो उंचवटा ४ जानेवारीपासून गायब आहे. सकाळची तलावपाळीची फेरीही त्याच आठवड्यात गेली. म्हणजे पाव घट टाळांची आहे, आणि मी उगाच घाबरलो.

निवांत_वसंतविहार | १७ जानेवारी, रात्री ८:३१

हे भारी आहे. धाग्याचं नाव बदला, 'टाळांची पावलं'.

सिस्टरआक्का | १७ जानेवारी, रात्री ९:१०

मी २६ वर्षं केमोच्या वॉर्डात काढली, आता निवृत्त, कळव्यात असते. हसू नका आणि उगाच घाबरलो असंही म्हणू नका.

हरिपाठ बंद झालाय का, की हरिपाठ चालू आहे आणि नुसते टाळ बंद झालेत?

अण्णांचे तळहात उघडून दिव्याखाली बघा. लाल आहेत का, सोललेत का, रेषांमध्ये चिरा आहेत का. मग तळपाय, टाचा आणि चवड्याखाली. घरात चपला कुठल्या घालतात, तेही बघा. मी पेशंट आत आला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे.

चरईकर | १७ जानेवारी, रात्री १०:४५

आक्का, हात जोडतो.

हरिपाठ चालू आहे, टाळ बंद आहेत. 'शेजाऱ्यांना त्रास नको' असं आईला सांगितलं होतं म्हणे. चाळीस वर्षं शेजाऱ्यांना त्रास झाला नव्हता.

तळहात लालभडक, अंगठ्याखालची साल निघालेली. पाय दाखवायलाच तयार नव्हते. शेवटी आईने मोजे ओढून काढले. मोजे थंडीसाठी नव्हते. दोन्ही टाचा सुजलेल्या, उजव्या चवड्याखाली फोड. स्वतःची कोल्हापुरी सोडून पंधरा दिवस आईची मऊ रबरी स्लीपर घालत होते. ती मोरीपाशी रोज दिसत होती, त्या जांभळ्या स्लीपरमध्ये अण्णांचा पाय बघून मी एकदा हसलोसुद्धा होतो.

म्हणाले, 'सांगितलं तर गोळ्या बंद करतील. गोळ्या बंद झाल्या तर ते परत येईल.'

सिस्टरआक्का | १७ जानेवारी, रात्री १०:५८

त्या कॅपेसिटाबिनचा हा नेहमीचा त्रास आहे, हँड-फूट म्हणतात. नवल काही नाही, पण अंगावर काढायचा नाही. सध्या सुट्टीचा आठवडा आहे म्हणजे गोळी पोटात नाही, ते बरं. २० ची वाट न बघता उद्याच फोन करा. 'पावलं कमी झाली' असं सांगू नका. 'हातापायाची साल निघतेय, फोड आलाय, चालताना दुखतंय' असं सांगा, म्हणजे फोन उचलणाऱ्याला लगेच कळेल. फोटो काढून ठेवा. गरम पाण्यात पाय घालू देऊ नका, फोड फोडू नका, बोटांना मुंग्या येतात का तेही विचारा. मुंग्या दुसऱ्या औषधाच्या, त्या वेगळ्या सांगायच्या.

आणि अण्णांना माझा निरोप द्या: गोळ्या थोड्या थांबवणं, डोस उतरवणं हे उपचारातच धरलेलं असतं. डॉक्टर त्यासाठीच बसलेत. लपवलं तर मात्र पुढे जास्त दिवस बंद ठेवायची वेळ येते.

नेरुळची_मावशी | १७ जानेवारी, रात्री ११:२०

चरईकर, तुम्ही हसलात ते मनाला लावून घेऊ नका. आम्ही पेशंट लपवण्यात फार हुशार असतो.

चरईकर | २१ जानेवारी, रात्री १०:०५

अपडेट. १८ ला रविवार होता, तरी फोन लागला. १९ ला बोलावलं. चौथी सायकल आठवडाभर पुढे ढकलली, कातडी सुधारल्यावर गोळ्यांचा डोस कमी करून सुरू करतील. युरियाचं मलम दिलंय, दिवसातून तीनदा. मुंग्याही निघाल्या, त्या लिहून घेतल्या.

या वेळी मी मोबाईल पुढे केला नाही. एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: दुसऱ्या सायकलीच्या सुट्टीत किती, तिसरीच्या सुट्टीत किती, आणि टाळ कुठल्या तारखेला बंद झाले. डॉक्टरांनी कागद वाचला आणि विचारलं, 'टाळ म्हणजे?' मग अण्णांनी पाच मिनिटं घेतली. बाहेर साठ लोक होतेच.

मावशींचा प्रश्नही विचारला. अण्णा म्हणाले, थोरल्याला दिसू दे, त्याला तिकडे झोप लागत नाही. पण झोपेचा आकडा कुणी बघायचा नाही. तो ॲपमधून बंद केला.

शंकासूर | २१ जानेवारी, रात्री १०:२०

माझी पहिली प्रतिक्रिया मागे घेत नाही, पण अर्धी मागे घेतो.

खारघर_सेक्टर१२ | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

धागा वर काढतेय. यजमानांची तपासणी इथेच खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटाचं कॅन्सर केंद्र) असते, परवा घरी सोडलंय. पट्टा कुठला घ्यावा? महागातलाच लागतो का?

बाइट_महापे | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

नाही. दोन-तीन हजारांतला साधा पट्टा पावलांसाठी आणि बसल्याजागच्या ठोक्यांसाठी पुरतो. बॅटरी आठवडाभर टिकणारा घ्या. रोज चार्ज करायचं घड्याळ तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या खणात जातं. पहिले दोन आठवडे काहीही अर्थ काढू नका, त्यांचं नेहमीचं किती ते कळू द्या. ऑक्सिजनचा आकडा खाली दिसला तर बोटाच्या ऑक्सिमीटरने पडताळा, बोटाला नेलपॉलिश असेल तर पुसून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सेटिंग सांगतो.

सिस्टरआक्का | ९ फेब्रुवारी, दुपारी २:०५

आणि शेजारी एक वही ठेवा. जेवण किती गेलं, शौचाला किती वेळा, ताप किती, दुखणं कुठे. आकडा हलला की वही उघडायची.

चरईकर | २२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर आलाच आहे तर सांगतो. कमी डोसवर चौथी सायकल २७ जानेवारीला झाली, पाचवी १७ ला. टाचा बऱ्या आहेत, कोल्हापुरी अजून नाही, मऊ तळाचे बूट घेतले. मधल्या सुट्टीच्या आठवड्यात आकडा २,८०० पर्यंत गेला होता. अर्ध्या तलावपाळीत बाकावर बसतात, मग उरलेली अर्धी.

कालपासून टाळ पुन्हा सुरू झाले. सात वाजले की अण्णा पट्टा काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवतात आणि हरिपाठ संपला की परत बांधतात. मी म्हटलं, राहू द्या की हातात, दादाला आकडा मोठा दिसेल, बरं वाटेल त्याला. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी डेपोतलं डिझेल विकायला सांगितलंय.

'एकतीस वर्षं लॉगशीट भरली,' म्हणाले. 'न चाललेला किलोमीटर कधी चढवला नाही.'